जिनिंगच्या सॉफ्टवेअरला प्लग-इन फ्रेमवर्क घ्यावं का?

कवडी_कापूस (जळगाव)
जिनिंगवाल्यांसाठी आमचं जुनं सॉफ्टवेअर आहे, व्हिज्युअल बेसिकमधलं. आवक, काटापट्टी, शेतकऱ्याचं पेमेंट, गाठींचा स्टॉक. आता ते जावात नव्याने लिहायचंय. माझं मत ठाम आहे: एक्लिप्स स्काउट घ्यावं, म्हणजे धंद्याच्या सॉफ्टवेअरसाठीचं जावा फ्रेमवर्क. ऑफिसातली पोरं म्हणतात, सर्व्हरला स्प्रिंग बूट आणि ब्राउजरमधल्या स्क्रीनला रिअ‍ॅक्ट. बाकीचं सगळं भंगारात.

धंद्याचं सॉफ्टवेअर म्हणजे फॉर्म आणि तक्ते, दुसरं काय? स्काउटमध्ये फॉर्म जावात लिहिला की क्लायंट-सर्व्हरमध्ये ये-जा करणारा डेटा-क्लास टूल स्वतःच तयार करतं. सर्व्हिसचा इंटरफेस शेअर्ड मॉड्यूलमध्ये, अंमलबजावणी सर्व्हरवर. जेसॉन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) हाताने जुळवत बसायला नको.

खरं कारण मात्र वेगळं. प्रत्येक मिलची कपात वेगळी. ओलावा 8 टक्क्यांवर गेला की कोणी वजनात कापतो, कोणी भावात. मूळ फॉर्मला हात न लावता त्या मिलपुरतं एक्स्टेंशन, म्हणजे प्लग-इनसारखा सुटा तुकडा, जोडता येतं. नाहीतर 'मिल अमुक असेल तर' अशा इफ-एल्सची जत्रा भरते.

भुसावळ_यार्ड
अर्धीच गोष्ट सांगितली भाऊ. स्काउट आधी ओएसजीआयवर (जावा प्रोग्राम सुट्या भागांतून, म्हणजे बंडलांतून, जोडायची पद्धत) उभं होतं, स्विंग आणि एसडब्ल्यूटीचे डेस्कटॉप क्लायंट होते. पुढे त्यांनी स्वतःच ओएसजीआय सोडलं, साध्या जावावर आले आणि स्क्रीन एचटीएमएल5 मध्ये नेली. बनवणाऱ्यांनीच जे ओझं उतरवलं, त्याची भलामण आपण कशाला करायची?

आरसीपीवर (एक्लिप्स या जावा टूलच्या पायावर डेस्कटॉप प्रोग्राम बांधायची सोय) मी बरीच वर्षं काढली आहेत. एक्लिप्स 2004 साली 3.0 मध्ये ओएसजीआयवर गेलं, तेव्हापासून हा खेळ बघतोय. प्रत्येक बंडलला स्वतःचा क्लासलोडर, म्हणजे क्लास शोधून आणणारा भाग. डेव्हलपरच्या मशीनवर प्रोग्राम झकास चालतो. एक्सपोर्ट करून गिऱ्हाइकाकडे टाकला की 'नो क्लास डेफ फाउंड'. जार (जावा प्रोग्रामची फाइल) तिथेच असते, पण मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे बंडलच्या माहितीपत्रकात, इम्पोर्ट-पॅकेजची एक ओळ राहिलेली असते. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत मालक डोक्यावर उभा, आणि आपण कन्सोलवर बंडल 'रिझॉल्व्ड' का होत नाही ते शोधतोय.

आणि हे कशासाठी? चालू प्रोग्राममध्ये बंडल बदलता यावं म्हणून? जिनिंगमध्ये त्याची गरज कोणाला? रात्री बंद करा, जार बदला, सकाळी चालू करा.

कवडी_कापूस
ओएसजीआय घ्या असं मी कुठे म्हटलं? प्लग-इनचा विचार त्याहून मोठा आहे. आणि स्काउटने ओएसजीआय सोडलं तरी एक्स्टेंशन सोडलेलं नाही. हे माझ्याच बाजूचं झालं.

दोंडाईचा_तिखट
फ्रेमवर्कचं तुम्ही बघा, मी काट्याजवळच्या कारकुनाचं सांगतो. त्याचा उजवा हात नमपॅडवर असतो, डाव्या हातात पावती. गाडी नंबर, एंटर, भरलेलं वजन, एंटर, रिकामं वजन, एंटर. माऊस कीबोर्डच्या मागे धूळ खात पडलेला. ब्राउजरमधल्या सुंदर ड्रॉपडाउनवर तो दोन दिवसांत वैतागतो. मिरचीच्या सिझनमध्ये आमच्याकडे तर विचारूच नका. शिवाय काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवर वजन पाठवतो, ब्राउजर ते वाचणार कसं? डेस्कटॉप क्लायंटच पाहिजे.

पांझराकाठ
क्रोमला 2021 पासून वेब सिरियल आहे, सिरियल पोर्ट थेट वाचता येतो. तेही नको असेल तर त्या पीसीवर छोटी जावा सर्व्हिस ठेवा, ती काटा वाचून पानाला देईल. एंटरवर पुढच्या रकान्यात जाणं तर दहा ओळींचं काम.

डेस्कटॉप क्लायंट अपडेट कोण करणार, ते सांगा. नेटवरून प्रोग्राम आपोआप नवा करणारं जावा वेब स्टार्ट होतं तोवर ठीक होतं. जावा 11 मध्ये, 2018 साली, ओरॅकलने ते काढून टाकलं. प्रत्येक मिलमध्ये पेनड्राइव्ह घेऊन फिरणार?

आणि माणसं? धुळ्या-जळगावची पोरं कॉलेज संपलं की पुण्याची गाडी धरतात. जी मागे राहतात त्यांना स्प्रिंग येतं. स्काउट येणारा एक माणूस सोडून गेला की दुकान बंद.

भुसावळ_यार्ड
अजून एक. स्काउटच्या मूळ पद्धतीत जावात लिहिलेला फॉर्म वेब आवृत्तीतही सर्व्हरवरच जिवंत राहतो. प्रत्येक वापरकर्त्यासाठी सर्व्हरची मेमरी, आणि रकाना बदलला की एक फेरी. सर्व्हर मुंबईत, मिल एरंडोलच्या पुढे, आणि नेट गेलं. मग?

कवडी_कापूस
सर्व्हर मिलमध्येच ठेवणार, लॅनवर. मुंबईचा प्रश्नच येत नाही. माणसांचा मुद्दा मात्र जड आहे, त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

दोंडाईचा_तिखट
मग कपातीसाठी प्लग-इन तरी कशाला? नियम टेबलात टाका. टक्का एका कॉलममध्ये, कपात दुसऱ्यात.

कवडी_कापूस
इतलं सोपं शे का भो? एक मिल ओलावा तीनदा मोजून सरासरी धरते. दुसरी सकाळचा भाव दुपारी बदलते आणि गेटातून आत आलेल्या गाडीला सकाळचाच देते. हे कुठल्या कॉलममध्ये घालू?

पांझराकाठ
'कपात' नावाचा एक इंटरफेस करा, प्रत्येक मिलची वेगळी जार, आणि त्या शोधून जोडणारा जावाचा सर्व्हिसलोडर. तो जावा 6 पासून फुकटात आहे. तुमचं प्लग-इनही झालं, पोरांचं स्प्रिंगही राहिलं.

कवडी_कापूस
हिशोबाचं भागेल त्यात. पण त्या मिलला ओलाव्याचे तीन रकाने स्क्रीनवर लागतात, बाकीच्यांना एकच. ते रिअ‍ॅक्टमध्ये मिलनिहाय कसं जोडायचं, हे पोरांनी सोमवारी करून दाखवावं. नाही जमलं तर स्काउट.