डकोटाच्या प्रतिकृतीवरील धातूची झळाळी

सी-४७ डकोटा या दुसऱ्या महायुद्धातील मालवाहू विमानाच्या १/७२ प्रमाणातील प्रतिकृतीला चंदेरी रंगाचा एकच सरसकट हात पुरेसा आहे, हे काही जणांचे मत मला पटत नाही. मूळ विमानाचे धड आणि पंख अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे असले, तरी एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर या पंखांच्या व शेपटीच्या हलत्या भागांवर कापड ताणलेले असे व त्यावर चंदेरी डोप (कापड ताठ करणारे रोगण) चढवलेला असे; म्हणून हे भाग धातूसारखे चकाकता कामा नयेत, ते मंद आणि किंचित राखाडी दिसायला हवेत.

खरा वेळ मात्र रंगाआधी जातो. साध्या रंगाखाली दडणारा ओरखडा धातुरंगाखाली उलट उठून दिसतो. त्यामुळे जोडावरची पुट्टी बारीक वॉटर पेपरने ओली घासून गुळगुळीत करावी, त्यावर चकचकीत काळा थर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच अल्क्लॅडसारख्या लॅकरचे (लवकर वाळणाऱ्या धातुरंगाचे) अतिशय पातळ थर एअरब्रशने चढवावेत. नंतर मोजकेच पत्रे मास्किंग टेप लावून थोड्या गडद छटेत रंगवावेत, पण टेपचा चिकटपणा आधी तळहातावर दाबून कमी करावा. (सगळेच पत्रे वेगवेगळ्या छटांचे केले, तर विमान ठिगळांचे वाटते.) पंखांच्या पुढच्या कडेवरील बर्फरोधक रबरी पट्ट्या असल्यास त्या शेवटी मॅट काळ्या रंगात घ्याव्यात.