नववीच्या गणितातली ‘करणी’: हा शब्द बदलावा का?

नववी_गणित (दारव्हा तालुका)
‘वास्तव संख्या’ शिकवताना फळ्यावर ‘करणी’ (√२ सारखं, अपूर्णांकात न बसणारं मूळ) लिहिलं की अर्धा वर्ग खुदखुदतो. यंदा एका मुलीनं वहीत √२ काढलं आणि शब्दाची जागा कोरी सोडली. तिच्या आजीवर मोहल्ल्यात ‘करणी करते’ असा आळ आहे. ज्या आळापायी बायकांना गाव सोडावं लागतं, ज्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो शब्द गणितात कशाला? सरळ ‘अपरिमेय मूळ’ म्हणा.

पऱ्हाटीवाला
मॅडम, पोरीचं वाचून जीव कळवळला. पण शब्द काढू नका. ही करणी दोरीची आहे. शुल्बसूत्रांत, म्हणजे दोरीनं यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथांत, चौरसाची बाजू आखणारी ती करणी. दुप्पट क्षेत्राचा चौरस देणारी द्विकरणी, म्हणजेच √२. शुल्बसूत्रकार बौधायनानं किंमतही दिली: १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४). करून पाहा, १.४१४२१५ येते. खरी १.४१४२१३. मांत्रिकानं नाव पळवलं म्हणून आपण सोडून द्यायचं?

सेमीवाला_पुसद
आम्हाला वर्गात ‘इर्रॅशनल नंबर’ शिकवलं. दोन वर्षं मी √२ म्हणजे काहीतरी अविवेकी, बिनतर्काची संख्या समजत होतो. त्यात ‘रेशो’ आहे, म्हणजे गुणोत्तर, हे कोणी सांगितलंच नाही. दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात बसत नाही, एवढंच. ‘अपरिमेय’ त्यापेक्षा कितीतरी बरा.

नववी_गणित
तोही अडतो. पोरं म्हणतात, अपरिमेय म्हणजे मोजताच येत नाही.

पऱ्हाटीवाला
मग पोरायले वावरात न्या ना! तीन बाय तीन फुटांवर चौफुली कपाशी असते. एका झाडापासून तिरप्या समोरच्या झाडापर्यंत दोरी ताना. सव्वाचार फुटाले जराशी कमी. हातात धरता येते ते लांबी. पण त्या तीन फुटाचे कितीबी सारखे तुकडे करा, त्या तुकड्यानं हे दोरी पुरी मोजून होत नाही. उरते नाहीतर कमी पडते. अन् हे कोनी म्हनते म्हनून नाही. √२ म्हनजे अतिसंक्षिप्त अपूर्णांक (अंश-छेदात सामाईक अवयव नाही असा) धरला तर अंश अन् छेद दोन्ही सम निघतात, विसंगती येते, संपलं. आजीवरच्या आळाले असा पुरावा कोनी मागतला का? हा फरक पोरीले वर्गातच दाखवा, त्याच शब्दावर.

नववी_गणित
दोरीचं पटलं, सोमवारीच नेते. शब्दाचं नाही पटलं, भाऊ. आळ घेणाऱ्या घरातला पोरगाही याच वर्गात आहे. मी फळ्यावर तो शब्द लिहिला की तो मागं वळून तिच्याकडे पाहतो.