शब्दचर्चा : ‘चार-दोन-एक’मधला शेवटचा ‘एक’ कुणाचा?

जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या वसाहतीतल्या बॅडमिंटन कोर्टवर सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही काहीजणी पिकलबॉल खेळतो, म्हणजे बॅट आणि भोकाभोकांच्या प्लास्टिक चेंडूचा नेटवरचा खेळ. माप तेच, ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, त्यामुळे नवं कोर्ट आखावं लागलं नाही. नेट तेवढं खाली घेतलं, कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४. बॅडमिंटनची पुढची रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि इथे किचनची, म्हणजे नेटजवळच्या पट्ट्याची, रेषा सात फुटांवर लागते, म्हणून तिच्यामागे अर्ध्या फुटावर खडूने दुसरी रेघ ओढलीय. खेळ सगळ्यांना जमतोय, पण स्कोअर पुकारायची वेळ आली की गाडी अडते. परवा एका अक्कांनी विचारलं, “आपले चार, त्यांचे दोन, मग हा एक कुणाचा ओ?” कोर्टवर चौघीच, आकडे मात्र तीन. या तिसऱ्या आकड्याला मराठीत काय म्हणावं? ‘साइड आऊट’ला (सर्व्हिस समोरच्यांकडे जाणं), ‘सेकंड सर्व्हर’ला (जोडीतली दुसरी सर्व्हिस करणारी) काही सुटसुटीत शब्द आहेत का? नवीन येणाऱ्या बायका इंग्रजी शब्दांना बिचकतात आणि दोन दिवसांत यायच्या बंद होतात, म्हणून मनापासून विचारतेय.

होटगी रोड

ताई, तुमच्या अक्कांचा प्रश्न अगदी नेमका आहे. तिसरा आकडा गुणांचा नाहीच. आपण तिन्ही आकडे एका दमात, एकाच सुरात म्हणतो, म्हणून तो गुणांसारखा ऐकू येतो. मी शिकवताना तो आकडा न म्हणता ‘पहिली’ किंवा ‘दुसरी’ म्हणायला सांगतो: “चार-दोन-पहिली.” सर्व्हिस स्त्रीलिंगी, म्हणून पहिली. ‘पहिली’ म्हटलं की ते गुण नव्हेत हे कुणालाही सांगावं लागत नाही. ऐकणारी आपणहून विचारते, “पहिली काय?” आणि उत्तर आपसूक येतं: पहिली सर्व्हिस.

आता यामागचा हिशोब. दुहेरीत एका बाजूच्या दोघींनाही सर्व्हिसची संधी मिळते. पहिलीने रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू थांबेपर्यंतची फेरी, हरली की सर्व्हिस जोडीदारणीकडे जाते, ती ‘दुसरी’. तिनेही हरली की सर्व्हिस नेटपलीकडे. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. समोरच्यांनी रॅली जिंकली तर त्यांना गुण नाही, फक्त आपली सर्व्हिस जाते. अकरा गुणांचा गेम, आणि दोनच्या फरकाने जिंकायचा.

सुरुवात मात्र “शून्य-शून्य-दुसरी” अशी होते, आणि नवा माणूस इथे हमखास गोंधळतो. पहिली झालीच नाही तर दुसरी कुठून आली? पहिल्यांदा सर्व्हिस मिळणं हा मोठा फायदा असतो, म्हणून त्या बाजूला गेमच्या सुरुवातीला एकीलाच सर्व्हिस दिलीय. ती हरली की थेट समोर, म्हणून तिलाच ‘दुसरी’ म्हणायचं.

एक गेम चालवून दाखवतो. आपली लाल जोडी, समोर निळी. लाल बाजूची उजवीकडची बाई सर्व्हिस करते: शून्य-शून्य-दुसरी. चेंडू कोनाकोनी, समोरच्या तिरक्या चौकोनात. गुण मिळाला. आता लाल जोडी आपसांत जागा बदलते, तीच बाई डावीकडून: एक-शून्य-दुसरी. पुन्हा गुण, पुन्हा बदल: दोन-शून्य-दुसरी. आता हरली. सर्व्हिस समोर गेली. निळ्यांची उजवीकडची पुकारते: शून्य-दोन-पहिली. आपल्या बाजूचे गुण आधी, समोरच्यांचे नंतर. ती हरते. जागा बदलायची नाही, कारण गुण झालेला नाही. तिची जोडीदारीण आहे तिथूनच, डावीकडून: शून्य-दोन-दुसरी. गुण मिळाला, अदलाबदल, आता तीच उजवीकडून: एक-दोन-दुसरी. हरली, सर्व्हिस परत लाल बाजूला, आणि लालचे गुण सम म्हणजे दोन, म्हणून सुरुवातीला ज्या बाईने सर्व्हिस केली तीच उजवीकडे उभी असणार: दोन-एक-पहिली. नसेल तर मधे कुठेतरी जागा चुकलीय. सम गुणांना सुरुवातीची उजवीकडे, विषमला डावीकडे, एवढं तपासलं की कोण कुठे उभं राहायचं हा वाद मिटतो. रिसिव्ह करणारी जोडी मात्र कधीच जागा बदलत नाही.

सात रस्ता

‘साइड आऊट’साठी नवा शब्द शोधू नका, आपल्याकडे तो आहेच. पार्क मैदानाच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीने बॅडमिंटन असंच खेळलंय. २००६ साली एकवीस गुणांची पद्धत आली, त्याआधी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा. आम्ही ‘सर्व्हिस गेली’, ‘सर्व्हिस आली’ म्हणायचो, आणि दुहेरीत ‘फर्स्ट हँड’, ‘सेकंड हँड’. गेम सुरू करणाऱ्या बाजूला एकच हँड मिळायचा, तोही नियम हुबेहूब हाच. पिकलबॉलचं पहिलं कोर्ट बॅडमिंटनचंच होतं, तेव्हा हे साम्य आश्चर्याचं नाही. माझं मत: ‘पहिला हात, दुसरा हात’ म्हणा. जुन्या खेळाडूंना लगेच कळेल.

होटगी रोड

काका, ‘सर्व्हिस गेली’ला माझा मनापासून होकार. त्यात कुणी घालवली ते येत नाही, दोष नाही, काय झालं तेवढंच कळतं. ‘हात’ मात्र मला अडचणीचा वाटतो. पत्त्यांत ‘हात केला’ म्हणजे जिंकलेली फेरी. आपल्याकडे बायका-पोरं तीन-दोन-पाच खेळूनच मोठी झालेली, ‘दुसरा हात’ म्हटलं की त्यांना दोन जिंकले असंच वाटणार. शिवाय सर्व्हिसच्या नियमांत खरा हातही येतो: मनगट, कंबर, बॅटचं डोकं. तिथे दोन अर्थांचा ‘हात’ नको.

अशोक चौक

आमच्या घरी तेलुगू, कोर्टवर मराठी. ‘पहिली-दुसरी’ची युक्ती आम्हाला आयतीच जमली. आई “सुन्ना-सुन्ना-रेंडोदी” म्हणते. ‘रेंडु’ म्हणजे दोन, ‘रेंडोदी’ म्हणजे दुसरी. शेजारच्या कन्नड काकू ‘एरडनेदु’ म्हणतात. तिन्ही भाषांत आकड्यापेक्षा क्रमवाचक शब्द वेगळा वाजतो, त्यामुळे कुणी कुठल्याही भाषेत पुकारलं तरी समोरच्यांना कळतं.

माझा प्रश्न ‘किचन’बद्दल आहे. आई म्हणते स्वयंपाकघरात जायचंच नाही. तसंच आहे का?

होटगी रोड

तसं नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. किचनमध्ये कधीही जाता येतं. तिथे उभं राहून चेंडू वरच्यावर मारायचा नाही, एवढंच. टप्पा पडला की खुशाल आत जा, मारा, थांबा. ‘वरच्यावर’ हा शब्द पकडून ठेवा. वरच्यावर झेलला, वरच्यावर मारला, असं आपण गल्लीत लहानपणापासून म्हणतो, व्हॉलीला याहून चांगला शब्द मला दिसत नाही. “किचनमध्ये वरच्यावर नाही,” या तीन शब्दांत नियम संपतो. एक बारीक गोष्ट आईंना सांगा: बाहेर उभं राहून वरच्यावर मारलं, पण तोल जाऊन पाय रेषेवर पडला तरी फॉल्ट. रेषा किचनचीच.

‘टप्पा’सुद्धा असाच घरचा शब्द. सर्व्हिस आली की टप्पा पडू द्यायचा, परत आलेल्या चेंडूचाही सर्व्हिस करणाऱ्या बाजूने टप्पा पडू द्यायचा, त्यानंतर वरच्यावर मोकळं. ‘टू बाउन्स रूल’ असं म्हणून पाठ करून घेण्यापेक्षा “इकडे एक टप्पा, तिकडे एक टप्पा” म्हणा.

जुळे सोलापूर

सर्व्हिस करताना चेंडू ‘टाकायचा’ की ‘सोडायचा’? आमच्यात दोन्ही चालतं, आणि एकजण तर आपटून मारते.

होटगी रोड

ताई, इथे क्रियापद चुकलं की नियम मोडतो, म्हणून जरा सविस्तर. सर्व्हिस दोन तऱ्हेची. एक, टप्पा न पडू देता. त्यात बॅट खालून वर जायला हवी, चेंडू कमरेच्या खाली लागायला हवा आणि त्या क्षणी बॅटचं डोकं मनगटाच्या वर नको. दुसरी, टप्पा पाडून. तिथे चेंडू फक्त सोडायचा. हात पुढे करून बोटं उघडायची, बस्स. खाली आपटायचा नाही, वर उडवायचाही नाही. ‘टाकणे’ म्हटलं की माणूस नकळत जोर लावतो, म्हणून मी तो शब्द वापरतच नाही. सोडलेल्या चेंडूचा टप्पा पडल्यावर कमरेची आणि मनगटाची अट उरत नाही, त्यामुळे नवशिक्यांना हीच सर्व्हिस सोपी जाते.

सर्व्हिस किचनच्या रेषेवर पडली तर फॉल्ट, चौकोनाच्या बाकीच्या रेषांवर पडली तर आत. नेटला लागून बरोबर चौकोनात पडली तर खेळ चालू. पूर्वी तिथे ‘लेट’ देऊन परत करायचे, २०२१ पासून ते बंद झालं, पण टेनिस खेळलेली मंडळी अजून हात वर करून थांबतात. आणि प्रत्येक सर्व्हिसला प्रयत्न एकच.

विजापूर रोड

बिनतोड सर्व्हिस (समोरच्याला परतवताच न येणारी) हा पेपरातला शब्द इथे चालेल का? आणि नावात लोणचं कुठून आलं?

सात रस्ता

बिनतोड जरूर चालेल, टेनिसच्या बातम्यांनी तो पक्का केलाय. पण चेंडू भोकाभोकांचा प्लास्टिकचा, त्यात सर्व्हिस खालून, म्हणून बिनतोड सर्व्हिस क्वचितच दिसते. नावाच्या दोन गोष्टी सांगतात. १९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी हा खेळ सुरू केला. प्रिचर्ड यांची पत्नी जोन यांनी ‘पिकल बोट’वरून नाव दिलं, म्हणजे नौकाशर्यतीत उरलेल्या वल्हेकऱ्यांना एकत्र करून काढलेली होडी. मॅकॅलम यांच्या मते प्रिचर्डांच्या पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून. प्रिचर्ड कुटुंब म्हणतं, कुत्रा नंतर आला आणि त्यालाच खेळाचं नाव मिळालं. लोणच्याचा संबंध दोन्हीकडे दूरचाच.

जुळे सोलापूर

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: बाहेर स्पर्धेला गेलो तर ‘पहिली-दुसरी’ चालेल?

होटगी रोड

स्पर्धेत तीन आकडेच पुकारायचे असतात, “चार-दोन-एक”, आणि पुकारून झाल्यावर दहा सेकंदांत सर्व्हिस व्हायला हवी. तेव्हा सरावाच्या शेवटच्या आठवड्यात तसं म्हणायची सवय करून घ्या. मनात ‘पहिली’ असली की तोंडून ‘एक’ म्हणायला जड जात नाही. एकेरीत दोनच आकडे, कारण जोडीदार नाही. आणि काही ठिकाणी प्रत्येक रॅलीला गुण देतात, तिथे दुहेरीतही दुसरी सर्व्हिस नसते. रॅली हरली की गुणही समोर, सर्व्हिसही समोर. कुठली पद्धत आहे ते नाव नोंदवतानाच विचारून घ्या.