अनुभव धागा : फिरायला निघताना पिशवीत रोल

तापीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या आणि पोटापाण्यासाठी खान्देशाबाहेर गेलेल्या सगळ्या मंडळींसाठी हा धागा. खिशातल्या मोबाईलमध्ये हजारो फोटो मावत असताना ३६ फोटोंचा फिल्म रोल कॅमेऱ्यात घालून प्रवासाला निघावंसं का वाटतं, ते आपापल्या अनुभवातून लिहा. कॅमेरा कुठला तेही सांगा, पण कुठे गेलात, कोण भेटलं आणि रोल धुऊन आल्यावर काय हाती लागलं ते जास्त लिहा.

माझं मत आधीच मांडतो. मोबाईलवर निवड घरी आल्यावर होते; शंभरातले नव्वद फोटो आपण सोफ्यावर बसून पुसतो. रोलवर ती निवड बटण दाबण्याआधी, त्या जागेवर उभं राहून करावी लागते. पाटणादेवीच्या मंदिरासमोर मी सकाळची उन्हं खांबांवर येईपर्यंत बसून राहतो, कारण एका चौकटीपेक्षा जास्त तिथे खर्च करायची नसते. तेवढ्या वेळात खांबांवरचं कोरीवकाम डोळ्यांना पाठ होतं. आमच्या चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) तर वर्षानुवर्षं घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. स्टेशनजवळच्या बंगल्यात टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, दिव्याचा कोन बदलत बदलत ते निसर्गदृश्यं उभी करायचे. या टेबलटॉप फोटोंसाठी त्यांना देशोदेशी मान मिळाला. त्यांचं कलादालन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. फोटो काढण्याआधी किती पाहायचं असतं, ते तिथे कळतं.

आता तुम्ही लिहा.

यावल

मी मनुदेवी, पाल, सातपुड्याचा पायथा एवढ्याच परिसरात फिरतो, तेही सायकलवर. कृष्णधवल ४०० चा रोल वापरतो (आकडा जितका मोठा तितका कमी प्रकाश फिल्मला पुरतो) आणि घरीच धुतो. धाग्यात प्रवासाबद्दल विचारलंय, पण माझ्यासाठी प्रवास न्हाणीघरात संपतो, म्हणून त्याबद्दलही लिहितो.

कृष्णधवल फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या वेळा २० अंश सेल्सियसला धरून दिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर हाताला चटका देतं. मी आदल्या रात्री दोन माठ भरून ठेवतो. आपली हवा इतकी कोरडी की माठातलं पाणी बर्फाशिवायही चांगलं थंड होतं. उरलेलं काम बर्फ करतो, पण तो बाहेरच्या घमेल्यात. डेव्हलपरमध्ये थेट टाकायचा नाही, नाहीतर द्रावण पातळ होतं. शिवाय डेव्हलपर, चित्र पक्कं करणारा फिक्सर आणि धुवायचं पाणी सगळं साधारण एकाच तापमानाचं लागतं. थंडातून एकदम गरमात फिल्म गेली तर जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडतात. रंगीत रोलची गोष्ट उलटी. त्याच्या सी-४१ प्रक्रियेला ३८ अंश लागतात, म्हणजे थंडीत पुण्या-मुंबईवाले पाणी तापवत बसतात तेव्हा आपण मे महिन्याची वाट पाहावी!

आणि उन्हाबद्दल. दुपारी केळीच्या पानावर जो लख्ख पांढरा पट्टा येतो, तो मोबाईलमध्ये कोरा होऊन जातो. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश पुष्कळ सोसते, त्या पट्ट्यातल्या शिराही प्रिंटमध्ये दिसतात. अंदाज घ्यायला प्रकाश मोजायचं मीटरही लागत नाही. स्वच्छ उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या आकड्याएवढं : ४०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा ४०० वा भाग, कॅमेऱ्यावर ५०० चा आकडा. खान्देशात ऑक्टोबर ते मे हा नियम क्वचितच चुकतो. सावलीत बसलेल्या माणसाचा फोटो असेल तेव्हा मात्र छिद्र दोन-तीन पायऱ्या उघडायचं.

शहादा, निवृत्त शिक्षक

माझी पहिली नोकरी धडगावच्या बाजूला होती. रस्ते नव्हतेच. सुट्टीला जोडून आम्ही दोघे शिक्षक डोंगर उतरून नर्मदेच्या काठी जायचो, रात्री एखाद्या पाड्यावर मुक्काम. माझ्याकडे अॅग्फा क्लिक थ्री होता. १२० मापाचा रोल, चौकोनी बारा फोटो. ऊन आहे की ढग, एवढंच काय ते निवडायचं. फिल्म बहुतेक वेळा इंदू, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. ती स्वस्त पडायची आणि शहाद्यात मिळायची.

बारा फोटोंत काय काय घ्यायचं हा प्रश्न प्रत्येक वेळी पडायचा. माणसं घ्यावी तर घरं राहतात, घरं घ्यावी तर नदी राहते. मग मी घराच्या ओट्यावर माणसं बसवून मागे नदी येईल असा उभा राहायचो. कुठलीही कलात्मक दृष्टी नव्हती, काटकसर होती. पुढे १९९० च्या दशकात मणिबेलीपासून सुरुवात होऊन एकेक गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली जात राहिलं, आणि त्या काटकसरीने एकाच चौकटीत घर, माणूस आणि नदी तिन्ही राहून गेली आहेत.

नातवाने मागच्या वर्षी निगेटिव्ह काढल्या, उजेडाच्या पाटीवर ठेवून मोबाईलने टिपल्या आणि काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून दाखवल्या. वहीच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या, तरी एखाददुसरी सोडता सगळ्या स्वच्छ. आम्ही त्यांचे मोठे प्रिंट करून तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीत घेऊन गेलो. एका बाईंनी फोटोतल्या माणसांकडे पाहिलंच नाही आधी. मागच्या महूच्या झाडावर बोट ठेवलं आणि ते कोणाचं, त्याची फुलं कोण वेचायचं, तिथून पाण्याला उतरायची वाट कुठून होती, ते शेजारणीला सांगत बसल्या. माझ्यासाठी ते झाड म्हणजे फोटोच्या कडेला आलेलं एक झाड होतं. आता ते प्रिंट तिकडेच आहेत, निगेटिव्ह माझ्याकडे. ज्या कोणाकडे त्या काठाच्या जुन्या निगेटिव्ह असतील त्यांनी त्या टाकू नयेत, एवढी कळकळीची विनंती. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत ओल धरते. कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवाव्यात.

चाळीसगाव

सर, तुमचं वाचून पुढचं लिहायला हात धजत नाही. फक्त एवढंच, की त्या फोटोंमागे गावाचं नाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनाची शाई पुढच्या प्रिंटला लागते.

भुसावळ, फोटो स्टुडिओ

माझा अनुभव जरा वेगळा. मी स्वतः फार फिरलो नाही, पण वडिलांच्या स्टुडिओत बसून अख्खा भारत पाहिला. भुसावळ म्हणजे जंक्शन, रेल्वेची वस्ती. पास निघाला की कुटुंबंच्या कुटुंबं काशी, रामेश्वर, जगन्नाथपुरीला जायची आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात रोल आमच्या काउंटरवर. लोक रोल 'धुवायला टाकायचे', आणि पावती नीट घडी करून पाकिटात ठेवायचे.

एका रोलमध्ये काय काय असायचं ते आजच्या मुलांना सांगितलं तर नवल वाटतं. पहिले दोन फोटो घरातले, कारण रोल लागला की नाही ते पाहायला बटण दाबलेलं. मग भुसावळचा फलाट. मग एकदम गंगा. मध्ये गाडीच्या खिडकीतून घेतलेला एखादा पूल. रामेश्वरच्या समुद्रात लुगडं सावरत उभ्या असलेल्या आजी. आणि शेवटचे चार-पाच पुन्हा घरातले, कानबाईच्या सणातल्या रोटांचे नाहीतर नातवाच्या बारशाचे, कारण रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही. असे रोल सहा-सहा महिने कॅमेऱ्यात राहायचे. यात्रा आणि घर एकाच पट्टीवर यायचं, आणि मला ते फार आवडायचं. मोबाईलमध्ये वेगळा अल्बम होतो, यात्रा तिकडे आणि बारसं इकडे.

प्रिंट न्यायला माणूस एकटा येत नसे. पाकीट काउंटरवरच उघडायचं. आई, मुलं, शेजारी. प्रवास तिथे दुसऱ्यांदा सांगितला जायचा आणि पहिल्यापेक्षा रंगायचा, कारण आता हातात पुरावा असे. आम्ही सगळ्यांना बसायला बाक ठेवलं होतं. ते बाक अजून आहे. रंगीत रोलचं मशीन आम्ही केव्हाच बंद केलं. आता कोणी रोल आणलाच तर मी तो मुंबईच्या लॅबला कुरियरने पाठवतो आणि आलेले प्रिंट माझ्याकडेच, त्या बाकावर बसून बघायला सांगतो. स्कॅनची लिंक ग्राहकाला थेट येते. तरी मी म्हणतो, ४×६ चे प्रिंट काढाच.

पाचोरा

थोडक्यात लिहितो. पाचोरा–जामनेर नॅरोगेज २०२० मध्ये थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. तिच्या दारात बसून काढलेला एक पूर्ण रोल माझ्याकडे आहे. गाडी इतकी सावकाश जायची की शेतातल्या माणसाला हाक मारून, त्याने मान वर केल्यावर फोटो घेता यायचा.

नंदुरबार

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी दर दत्तजयंतीला जातो. हल्ली तिथे मोठाले कॅमेरे घेऊन खूप लोक येतात आणि घोड्यांचे फार सुंदर फोटो काढतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण मला घोड्यांपेक्षा त्यांना घेऊन येणाऱ्या माणसांमध्ये रस. ते राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात, आठवडा-दोन आठवडे तापीच्या काठी तंबूत राहतात.

फोटो काढला की प्रत्येक जण विचारतो, "दिखाओ." कॅमेऱ्याच्या मागे पडदाच नाही म्हटल्यावर आधी विश्वास बसत नाही. आपल्याकडचा एक नाल ठोकणारा तर दर वेळी म्हणतो, "देखाड ना भो, कव्हय देशी?" (दाखव ना भाऊ, कधी देशील?) म्हणून मी पुढच्या वर्षी प्रिंट घेऊनच जायला लागलो. मागच्या यात्रेचं पाकीट उघडलं की माणसं एकमेकांना हाका मारतात. कोणाचा घोडा विकला गेलेला असतो, आणि तो फोटो मग फारच जपून घडीच्या कपड्यांत जातो. फोटो लगेच दाखवता आला असता तर त्या माणसाने पाहिला असता, हसला असता आणि विषय संपला असता. न दाखवता आल्यामुळे मला त्यांच्याकडे परत जावं लागतं, आणि आता मी तंबूत शिरलो की विचारायच्या आत चहा येतो.

धुळीबद्दल एक सूचना. तिथे रोल बदलताना पाठ वाऱ्याकडे करून, उपरण्याखाली बदला. फिल्मवर कण बसला तर ती ओढली जाताना लांब ओरखडा पडतो.

अमळनेर, सध्या पुणे

विमानाने जाणाऱ्यांसाठी : रोल सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत पारदर्शक डबीत ठेवा आणि तपासनिसाला हाताने तपासायची विनंती करा. सामानाची क्ष-किरण यंत्रं आणि काही विमानतळांवरची नवी सीटी यंत्रं फिल्म धूसर करतात. आगगाडीने प्रवास करणाऱ्याला यातलं काही नाही, आणि मी गावी येतो तो गाडीनेच.

रोलचा आणि धुण्याचा खर्च आता मिळून हजाराच्या वर जातो, हे नव्यांनी लक्षात घ्यावं. पेंटॅक्सने २०२४ मध्ये आणलेल्या नव्या कॅमेऱ्यात एका चौकटीच्या दोन होतात, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो. फोटोमागचा खर्च निम्मा होतो, पण मला तो रुचला नाही. बहात्तर म्हटल्यावर हात सैल सुटतो.

धुळे

अजिंठ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. चित्रांच्या रंगांना तो धोका आपण का द्यायचा? मी ४०० ची कृष्णधवल फिल्म १६०० ची आहे असं धरून वापरते आणि धुताना डेव्हलपरमधला वेळ वाढवते. दाणा जाड येतो, सावल्या काळ्याभोर होतात. चित्रांचे रंग मला त्यात मिळतच नाहीत, आणि ते मिळवायचेही नसतात. त्यासाठी उत्तम पुस्तकं आहेत. मला हवी असते दारातून आत येणारी आणि खांबापर्यंत पोचता पोचता विरणारी उजेडाची पट्टी. रंग बाजूला ठेवले की लेणं म्हणजे डोंगर कोरून आत नेलेला उजेड आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं.

अक्कलकुवा

मी कॉलेजला आहे. मामांचा जुना याशिका मिळालाय, ५० मिमीची एफ २ लेन्स. आतमध्ये ४०० चा रोल आहे आणि अर्धा शिल्लक आहे. काठी गावच्या राजवाडी होळीला जाणार आहे. होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर नाच चालतो, अंग रंगवलेले, कमरेला घुंगरू बांधलेले बुध्या असतात. एवढ्या अंधारात काही येईल का? फ्लॅश मारायची इच्छा नाही, नाचणाऱ्यांना त्रास होतो.

चाळीसगाव

नक्की येईल ताई. होळी पेटल्यावर जाळाच्या उजेडात उभ्या असलेल्या माणसांसाठी एफ २ आणि सेकंदाचा ६० वा भाग धरा. जवळ असाल तर तेवढं पुरतं, लांब असाल तर ३० वा, खांद्याने कशाला तरी टेकून. मीटरवर विसंबू नका; जाळ चौकटीत आला की तो फसतो आणि माणसं काळी पडतात. पेटण्याआधीचा नाच मात्र या फिल्मवर अवघड आहे, तो नुसता बघा. पेटल्यानंतर तासाभरात उजाडतं. तेव्हा राखेच्या बाजूला बसलेले, रंग ओघळलेले बुध्या कोवळ्या उजेडात मिळतील, त्यांच्यासाठी निदान आठ चौकटी राखून ठेवा. आणि त्यांची गावं विचारून घ्या, प्रिंट द्यायला पुन्हा जावं लागेल.