कोविडची तपासणी : तुमच्या वाट्याला काय आलं?

लशीच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या, तपासणीच्या फारशा वाचनात येत नाहीत. २०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय अशा बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणीच ही तपासणी व्हायची. खासगी लॅबला तेव्हा ४,५०० रुपयांपर्यंत घेता यायचे. वर्षभरात राज्यात हाच दर ५०० वर आला. या मधल्या काळात स्वॅब देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी काय सोसलं, ते इथे लिहा. लॅबमधल्या मंडळींनी तर नक्की लिहा.

लॅब टेक्निशियन, पुणे :
"नमुना पुन्हा द्या" असा निरोप गेला की लोक चिडायचे. आमच्या किटमध्ये विषाणूच्या जनुकांबरोबर माणसाचं एक जनुकही तपासलं जायचं. तेच सापडलं नाही, तर काडी नाकात नीट फिरलेली नाही असं समजायचं. अशा नमुन्याला निगेटिव्ह म्हणता येत नाही. शिवाय प्रत्येक प्लेटमध्ये, म्हणजे एकत्र तपासायच्या नमुन्यांच्या संचात, पडताळणीसाठी विषाणू नसलेला एक कंट्रोल असतो. स्क्रीनवर रेषा वर चढली म्हणजे विषाणू सापडला; या कंट्रोलचीच रेषा चढली, तर कुठेतरी काहीतरी मिसळलंय. अख्खी प्लेट पहिल्यापासून लावायची. रात्रपाळी संपत आलेली, पीपीई किटच्या आत कपडे घामाने चिकटलेले, आणि ती रेषा हळूहळू वर सरकतेय. रडू यायचं. पण अंदाजाने एकही रिपोर्ट सोडला नाही.

सातारा जिल्हा :
दुसरी लाट. वडिलांना ताप, अंगदुखी. शिबिरात झटपट होणारी अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, "घरी जा" म्हणाले. लक्षणं असतील तर त्यानंतर आरटीपीसीआर (लॅबमधली जास्त खात्रीची चाचणी) करायलाच हवी, हा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) नियम आदल्या जूनपासूनच होता. आम्हाला तो सांगितला आशाताईंनी, अंगणात उभं राहून : "दादा, आजच्या आज न्या अण्णांना." रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा ऑक्सिजन नव्वदच्या खाली होता. अण्णा आज आहेत ते आशाताईंमुळे. त्यांच्या हातावर तेव्हा किती तुटपुंजं मानधन पडायचं, ते आठवलं की अजून संताप होतो.

रेडिंग, इंग्लंड :
इथे २०२१च्या एप्रिलपासून घरी करायच्या चाचण्या सगळ्यांना फुकट होत्या. आठवड्यातून दोनदा नाकात काडी घालणं मुलांच्या अंगवळणी पडलं. तिकडे आई रांगेत उभी असायची, त्याचं फार वाईट वाटायचं.

धागाकर्ती :
आरटीपीसीआरच्या रिपोर्टवरच्या सीटी व्हॅल्यू या आकड्याबद्दल बरेच जण विचारताहेत. आकडा कमी म्हणजे नमुन्यात विषाणू जास्त, इतकंच. नमुना कितव्या दिवशी आणि कसा घेतला यावरही तो बदलतो. त्यावरून आजार किती गंभीर ते ठरवू नका, असं आयसीएमआरनेच सांगितलं होतं.

गोवा :
आमच्याकडे ट्रूनॅट मशीन मूळ क्षयरोगासाठी. कंपनी गोव्यातलीच, मोलबायो. कोविडची चिप आली आणि त्याच छोट्या मशीनवर काम सुरू झालं. बॅटरीवर चालायचं, म्हणून वीज गेली तरी खोळंबा नाही. अभिमान वाटायचा.

परिचारिका, मराठवाडा :
स्वॅब घेणं सोपं, पुढचं अवघड. घर सील होईल या धास्तीने लोक मुद्दाम चुकीचा फोन नंबर द्यायचे. रिपोर्ट पॉझिटिव्ह, नंबर लागत नाही. मग वाडी-वस्तीवर नाव विचारत फिरायचं. पुढे मी फॉर्म भरतानाच समोर मिस्ड कॉल देऊ लागले. एक आजी म्हणाल्या, "बाई, मला नेऊन टाकशील ना तिकडं?" त्यांना सांगितलं, रिपोर्ट काहीही येवो, मी स्वतः येऊन सांगेन. आणि गेले.