ब्लायमी, झाउंड्स वगैरे

'इंग्रजीतला ब्लायमी हा नुसता आश्चर्याचा उद्गार, त्याला काही अर्थ नाही' असं कोणीतरी म्हटलंय. अर्थ आहे, आणि चांगलाच जहाल आहे. मूळ 'गॉड ब्लाइंड मी', म्हणजे देव माझे डोळे फोडो! आपल्याकडच्या 'जीभ झडो'च्या जातीतली शपथ. 'गॉरब्लायमी' या कॉकनी (लंडनच्या कामकरी वस्तीतल्या बोलीतल्या) रूपात देव थोडाफार शिल्लक दिसतो, ब्लायमीत तोही गळला.

ही मोडतोड मुद्दाम केलेली. देवाचं नाव उगाच घेऊ नये अशी आज्ञा बायबलात आहे, मग गॉडचं 'गॉश' झालं, जीझसचं 'जी', आणि 'गॉड्स वून्ड्स'चं (देवाच्या जखमा) झाउंड्स. १६०६ मध्ये तर इंग्लंडात कायदाच आला: नाटकात देवाचं नाव थिल्लरपणे घेतलं की १० पौंड दंड. म्हणून गंमत बघा, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाच्या १६२२ च्या छापील प्रतीत इयागो हा खलनायक 'झाउंड्स सर, यू आर रॉब्ड' (तुम्हाला लुटलंय) म्हणतो. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित ग्रंथात, वाक्य तेच, झाउंड्स तेवढं गायब.

आणि ओएमजी ('ओ माय गॉड') मोबाइलवाल्या पोरांनी काढलं म्हणणाऱ्यांसाठी: १९१७ साली ब्रिटिश नौदलाच्या अ‍ॅडमिरल फिशरनं चर्चिलला लिहिलेल्या पत्रात ते आहे, कंसात फोड करून.