प्रति: निलंबित लायसन्स आणि 'पाचशेत मिटतं'

वर एकांनी लिहिलंय की लायसन्स निलंबित असताना पकडलं तरी पाचशेत मिटतं. तो काळ गेला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मुळात लायसन्सच नसेल तर कलम १८१ चा दंड ५,००० आहे, म्हणजे निलंबितवाल्याला दुप्पट! निलंबनाच्या काळात दुसरीकडून नवं लायसन्स काढलं तर तोही कलम १८२ मधलाच गुन्हा, आणि ते लायसन्स रद्दबातल.

माझ्या भाच्याचं सिग्नल तोडल्याबद्दल तीन महिने निलंबित होतं. 'कार्ड तर खिशातच आहे ना मामा' म्हणत पठ्ठ्या ॲक्टिव्हाला किक मारत होता. अरे, कार्ड कोण बघतंय? हवालदार लायसन्सचा नंबर टाकतो आणि हातातल्या मशीनवर सगळं दिसतं. गाडी माझ्या नावावर, त्यामुळे चावी मीच काढून घेतली. जाणूनबुजून गाडी दिली तर कलम १८० मालकालाही लागतं.

दंडापेक्षा भीती विम्याची. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम बहुधा नाकारतातच. समोरच्याची भरपाई कोर्ट अनेकदा कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मग कंपनी ती मालकाकडून वसूल करते. ती रक्कम लाखांत जाऊ शकते.

आरटीओचा आदेश चुकीचा वाटत असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करा. मात्र नुसतं अपील केलं म्हणून गाडी चालवायची मोकळीक मिळत नाही.